मोफत उपचार जाहीर करताना या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने २७ एप्रिल २०१० रोजी गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांतली फी बंद केली. अकरा वर्षांच्या यादवीतून २००२ मध्ये बाहेर पडलेल्या त्या गरीब देशासाठी हा निर्णय योग्यच होता. दवाखान्यांत गर्दी झाली. तरीही अनेक बायकांना औषधांसाठी पदरचे पैसे मोजावे लागले. युगांडाने २००१ मध्ये फी काढली तेव्हाही असंच झालं. गोरगरीब दवाखान्यात येऊ लागले, पण औषधं संपली की बाहेरच्या दुकानातून आणावी लागायची आणि घरखर्चाची ओढाताण तशीच राहायची.

औषधांचा हिशेब मुळात चुकतो कुठे, ते बघा. एका केंद्रात महिन्याला पॅरासिटामॉलच्या ६०० गोळ्या खपल्या अशी नोंद आहे. त्यावरून पुढच्या महिन्याला पुन्हा ६०० पाठवल्या जातात. पण त्या दहाव्या दिवशीच संपल्या असतील, तर उरलेले वीस दिवस लोक रिकाम्या हाताने परत गेलेले असतात आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद कुठेच नसते. खरी गरज १८०० गोळ्यांची आहे. म्हणून खप मोजताना साठा किती दिवस पुरला, हे विचारायलाच हवं. ते विचारलं नाही, तर तुटवडा दर महिन्याला नव्याने मंजूर होत राहतो. सगळ्या केंद्रांना औषधांची एकसारखी खोकी पाठवण्याची पद्धतही म्हणूनच बंद करावी.

दुसरी मोठी चूक पगाराची. सिएरा लिओनने फी काढण्याआधी पगारपटावरची बोगस नावं कमी केली आणि पगार वाढवले, हे फार चांगलं केलं. पण बिनपगारी, ‘स्वयंसेवक’ म्हणून राबणारे कितीतरी कर्मचारी पटाबाहेरच राहिले. जिला महिन्याकाठी काहीच मिळत नाही, ती नर्स रुग्णाकडून पैसे घेणार. तिला नुसती तंबी देऊन काय होणार? मलावीने २००४ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घातली आणि जोडीला प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. हा मार्ग खर्चिक आहे, पण मला तोच खरा वाटतो.

परदेशी मदतीच्या प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं रजिस्टर ठेवू नका. एकटी नर्स मलेरियाचा, लसीकरणाचा, एचआयव्हीचा अहवाल वेगवेगळा भरत बसली, तर रुग्ण कधी तपासणार?

आणि हातमोजे, साबण, वाहतं पाणी यांना किरकोळ खर्चात टाकू नका. २०१४ मध्ये इबोला हा रुग्णाच्या रक्ताच्या आणि शरीरातल्या द्रवांच्या संपर्कातून पसरणारा जीवघेणा आजार आला तेव्हा सिएरा लिओनमध्ये आरोग्य कर्मचारीच मोठ्या संख्येने दगावले. लासा तापाचे (उंदरांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य आजाराचे) जाणकार डॉ. शेख उमर खान तिथल्या केनेमा शहरात इबोलाच्या रुग्णांवर उपचार करत होते. तेही त्याच वर्षी जुलैत गेले. त्यानंतर लोक बाळंतपणासाठीसुद्धा दवाखान्यात यायला घाबरू लागले. फी तेव्हाही माफच होती.