पोकरची क्रमवारी पाठ करू नका, मोजा

फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची) मोठा की स्ट्रेट (पाच पानं ओळीनं)? पोकर शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. मी उत्तर सांगत नाही. पत्त्यांचा कॅट आणि कागद पुढे सरकवते आणि म्हणते, मोज. एकदा स्वतः मोजलं की पुन्हा कधी गोंधळ होत नाही.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 25,98,960 लिहून ठेवा. बावन्न पानांतून पाच-पाच पानांच्या इतक्या वेगवेगळ्या हँड निघतात. यात जो प्रकार कमी सापडतो तो मोठा. सगळी क्रमवारी एवढ्यावरच उभी आहे.

सुरुवात फोर ऑफ अ काइंडपासून करा, कारण ते डोळ्यांना दिसतं. चारही सत्त्या काढून समोर मांडा. आता कॅटमध्ये 48 पानं उरली. त्यातलं कुठलंही पाचवं चालतं, म्हणजे सत्त्यांच्या हँड 48. एक्क्यापासून राजापर्यंत असे 13 प्रकार, म्हणून 624. दर 4,165 हँडमागे एक.

आता फुल हाउस: तीन राण्या, दोन पंज्या. चार राण्यांतली एक बाजूला काढायची, ती चार तऱ्हांनी निघते. चार पंज्यांतल्या दोन सहा तऱ्हांनी. झाल्या 24. राणीच्या जागी 13 पैकी काहीही, पंजीच्या जागी उरलेल्या 12 पैकी. एकूण 3,744.

मग तो मूळ प्रश्न. तेरा बदामांतून पाच पानं 1,287 तऱ्हांनी निघतात. इस्पिक, किलवर, चौकट धरून 5,148. स्ट्रेटच्या ओळी दहा: एक्का-दुर्री-तिर्रीपासून दश्शी-गुलाम-राणी-राजा-एक्क्यापर्यंत. प्रत्येक पान चारपैकी कुठलंही, म्हणून एका ओळीच्या 1,024 आणि दहांच्या 10,240. इथे थांबू नका. दोन्हींतून 40 वजा करायचे, कारण त्या हँड स्ट्रेट फ्लशच्या, म्हणजे ओळीनं आणि एकाच चिन्हाच्याही आहेत. पहिल्यांदा मी हे विसरले होते आणि बेरीज जुळेना म्हणून अख्खी संध्याकाळ कागद खोडत बसले. उरतात 5,108 आणि 10,200. स्ट्रेट जवळपास दुप्पट वेळा येतो, म्हणून फ्लश मोठा.

त्या चाळिसांत रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का ही ओळ, फक्त चार, म्हणजे 6,49,740 त एकदा. बाकीच्या 36 धरल्या तर 72,193 त एकदा.

खालचे प्रकार पटकन: थ्री ऑफ अ काइंड 54,912, दोन जोड्या 1,23,552, एक जोडी 10,98,240, काहीच नाही 13,02,540. सगळ्यांची बेरीज करून कोपऱ्यातल्या आकड्याशी ताडून पाहा.

होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र सात पानांतून उत्तम पाच निवडायची असतात. तिथे रॉयल फ्लश 30,940 त एकदा येतो, फोर ऑफ अ काइंड 595 त एकदा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: सात पानांत काहीच न जमण्याची शक्यता 17.4 टक्के, दोन जोड्यांची 23.5, एका जोडीची 43.8. म्हणजे रिकामी हँड जोडीपेक्षा दुर्मिळ! तरी तिला वर चढवता येत नाही. चढवली, तर जोडी हातात असलेला खेळाडू जोडीतलं एक पान सोडून देईल, उरलेल्यांतून पाच वेगळी पानं दाखवेल, आणि रिकामी हँड पुन्हा सगळ्यांत सोपी होऊन बसेल.