जुनं यूएसबी गिटार पेडल संगणकाला जोडताना या चुका टाळा

पेडलचे आवाज संगणकावरून बदलणाऱ्या एडिटर सॉफ्टवेअरला पेडल दिसलं नाही की ते बिघडलं असं समजून दुरुस्तीला नेलं जातं. दहा-पंधरा वर्षं जुन्या मल्टिइफेक्टमध्ये (एकातच अनेक इफेक्ट देणाऱ्या पेडलमध्ये) दोष बहुधा पेडलबाहेरच असतो: केबलमध्ये, ड्रायव्हरमध्ये (संगणकाला पेडलशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) किंवा पोर्ट अडवून बसलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तपासायचंही याच क्रमाने.

केबल बहुधा चौकोनी तोंडाची, प्रिंटरला लागते तीच. नागपुरात बर्डीच्या बाजारात ‘प्रिंटर केबल’ म्हणून मागा, दीड-दोन मीटरची पुरे. पेडल आणि संगणकाच्या मधे यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घालू नका.

खरा घोळ ड्रायव्हरचा. स्वतंत्र ड्रायव्हर लागणारं पेडल तो टाकण्याआधीच जोडलं, तर विंडोज आपला सर्वसाधारण ऑडिओ ड्रायव्हर लावू शकतं. मग आवाज येतो, पण एडिटर गप्प. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा, पेडलच्या नोंदी अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा, मग ड्रायव्हर टाका आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल जोडा. पुढेही पोर्ट तोच ठेवा; पोर्ट बदलला की विंडोज अनेकदा तेच पेडल नवीन समजतं. बॉस जीटी-१० सारख्या पेडलमध्ये यूएसबीचा ड्रायव्हर मोड ‘स्टँडर्ड’ की ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे पेडलवरच ठरतं. कंपनीचा ड्रायव्हर वापरायचा तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ निवडून पेडल बंद-चालू करा.

विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. ती बंद केली की संगणकाची सुरक्षा कमी होते. त्यापेक्षा घरातला जुना लॅपटॉप इंटरनेटशिवाय फक्त पेडलसाठी ठेवणं आम्हाला जास्त पटतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यामुळे जुन्या एडिटरवर तिथे वेळ घालवू नका. एएसआयओ४ऑल या सर्वसाधारण ऑडिओ ड्रायव्हरवरही भिस्त ठेवू नका: ते विंडोजला आधीच दिसत असलेल्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालतं, नसलेला ड्रायव्हर आणून देत नाही.

रीपरसारखं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि एडिटर एकाच वेळी उघडे ठेवू नका. जुन्या मिडी (पेडल आणि संगणकामधल्या सूचनांची देवाणघेवाण) ड्रायव्हरचा पोर्ट बहुधा एकालाच मिळतो, दुसऱ्याला पेडल सापडत नाही. दोन्ही हवेच असतील तर रीपरच्या मिडी सेटिंगमध्ये पेडलचं इनपुट आणि आउटपुट बंद करा.

आवाज तुटत असेल तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) बघा. यातली बरीच पेडल फक्त ४४.१ किलोहर्ट्झवर चालतात. प्रोजेक्ट आणि विंडोज दोन्हीकडे तोच ठेवा. बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पलवर ठेवला तर एका दिशेला सुमारे ५.८ मिलिसेकंद उशीर होतो, वाजवताना तो चालून जातो. सूर दुहेरी ऐकू येत असेल तर पेडलचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता थेट ऐकू येणारा आवाज) किंवा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, एक काहीतरी बंद करा.

फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) उगाच बदलू नका. बदलायचंच असेल तर आधी सगळे पॅच (पेडलमध्ये साठवलेले आवाज) संगणकावर सेव्ह करा, आणि वादळवाऱ्याच्या दुपारी तर ते काम काढूच नका: लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण लाइन गेली की अ‍ॅडॉप्टरवरचं पेडल अर्ध्यातच बंद पडतं.

उरली घरघर. एप्रिल-मे मध्ये कूलरची मोटर आणि पंप त्याच बोर्डावर असतील तर आधी ते बंद करून ऐका. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर बहुधा ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमधून फिरणारा प्रवाह) आहे. लॅपटॉप, पेडल आणि अ‍ॅम्प एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, किंवा रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, त्याने शॉक बसू शकतो.