शेंगेन व्हिसाचा अर्ज भरताय? या चुका टाळा

मे महिन्यात युरोपला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी विमानाची तिकिटं शोधली जातात. तिथून सुरुवात करू नका. आधी कपाटातून घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट काढा आणि तारखा बघा.

माझ्या बहिणीच्या घरी दोघा मोठ्यांचे पासपोर्ट अजून पाच-सहा वर्षं चालणारे होते, म्हणून सगळे निर्धास्त. भाच्याचा मात्र जुलैत संपत होता आणि परतीची तारीख होती २८ मे. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण ५ वर्षांचाच असतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतून, बाहेर पडल्यावरही पासपोर्ट किमान ३ महिने चालू असावा लागतो. शिवाय तो गेल्या १० वर्षांत दिलेला हवा आणि त्यात २ पानं कोरी हवीत. आधी त्याचा पासपोर्ट रिन्यू केला, मगच अर्ज भरला.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी आपली तिपेडी पद्धत. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं आणि तिकिटावर तिसरंच. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचाच असेल तर तिकीट, विमा, हॉटेल सगळं त्याच नावाने काढा आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. पासपोर्टवर आहे तेच नाव, अक्षरन् अक्षर.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यावरून. ‘पॅरिसला उतरतोय, म्हणजे फ्रान्सचा व्हिसा’ असं अनेक जण धरून चालतात. नियम वेगळा आहे: जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर आधी ज्या देशात शिरणार, तिथे. फ्रान्समध्ये ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ५ आणि इटलीत ४ असतील, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच जातो. कागदावर रात्री मोजा, अंदाजाने ठरवू नका. एका देशाची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्या देशाची हॉटेलं दाखवून व्हिसा घ्यायचा आणि नंतर ती रद्द करायची, हा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया ऐकू नका. सीमेवरचा अधिकारी मुक्कामाचे कागद मागू शकतो आणि खोट्या माहितीवर मिळालेला व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो.

लंडनचंही तसंच. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर पॅरिस सोडताच शेंगेनचा एक प्रवेश संपतो. सिंगल एन्ट्री व्हिसावर ॲमस्टरडॅमला उतरता येणार नाही. एक तर अर्जातच दोन प्रवेश मागा, नाहीतर लंडन सहलीच्या टोकाला ठेवा.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी तीन-चार लाख रुपये एकदम आले की ते उसने आणल्यासारखे दिसतात. एफडी मोडली असेल तर तिची पावती लावा. खर्च पुण्यातला मुलगा करत असेल तर तसं सरळ लिहा. त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा जन्मदाखला जोडा. निवृत्त आईवडिलांच्या खात्यात पैसे फिरवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसासाठी हवा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची. त्या शेवटच्या मुदतीवर विसंबू नका. निर्णयाला सहसा १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणून निर्णय येईपर्यंत रद्द न होणारी तिकिटं काढू नका, आरक्षण दाखवलं तरी पुरतं.

व्हिसा हातात आला की स्टिकर तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, एन्ट्री किती, हे सगळं. त्यावर ‘फ्रॉम’ आणि ‘अन्टिल’ अशा दोन तारखा असतात आणि वेगळ्या रकान्यात राहण्याचे दिवस. तारखांमधलं अंतर ३० दिवसांचं असलं तरी दिवसांच्या रकान्यात १५ असेल, तर १५च दिवस राहता येतं. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यातच धरतात. एक दिवसही जास्त काढू नका. चूक दिसली तर व्हिसा केंद्राला लगेच कळवा.

नकार आला तर सोबत कारणाचा कागद येतो. त्यात ज्या कारणावर खूण असेल, त्याचंच उत्तर पुढच्या अर्जात कागदांसह द्या. जुना नकार लपवू नका. अर्जांची माहिती शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत ५ वर्षांपर्यंत राहते.

आणि निघताना हॉटेलचे, विम्याचे, परतीच्या तिकिटाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग पट्ट्यावर येते ती इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि कागद मागतात ते अलीकडे.