जुनं मशीन इथरनेटवर घेताना

नेटवर्किंग शिकून सोलापुरात काम धरलंत, तर अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत कधीतरी हे ऐकाल: "मशीन जुनं आहे, पण चालतंय मस्त. फक्त त्याचा डेटा ऑफिसात दिसला पाहिजे." टॉवेलच्या कारखान्यातला डाइंग कंट्रोलर (रंगाईचं मशीन चालवणारा) मालक बदलत नाही आणि माझ्या मते त्याचं बरोबरच आहे. चांगलं मशीन निव्वळ पोर्टपायी भंगारात घालू नये.

आधी मशीनची मागची बाजू बघा. नऊ पिनांचा पोर्ट बहुधा आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीचा असतो, त्याची केबल साधारण १५ मीटरपर्यंतच धरायची. आरएस-४८५ ही दुसरी सिरियल जोडणी मात्र कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत जाते. म्हणून २३२ असेल तर सिरियलचं इथरनेट करणारा कन्व्हर्टर मशीनजवळच बसवा आणि पुढे इथरनेट न्या, तेही १०० मीटरच्या आत. बॉड रेट (सिरियलचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा बिट), स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा) मशीन आणि कन्व्हर्टर दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. मशीन मॉडबस आरटीयू (यंत्रांच्या मॉडबस भाषेचं सिरियलवरचं रूप) बोलत असेल आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपी (तिचंच नेटवर्कवरचं रूप), तर साधा कन्व्हर्टर पुरत नाही. तो बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो. फ्रेमची, म्हणजे संदेशाच्या पाकिटाची, रचना बदलून देणारा गेटवेच लागतो.

आरजे-४५, म्हणजे इथरनेट केबलचा पोर्ट दिसला की नवी मुलं निर्धास्त होतात. खरी डोकेदुखी तिथेच असते. लिंकचा दिवा लागतो, पिंग (छोटा चाचणी संदेश) जातं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं रखडतं. अशा वेळी ड्युप्लेक्स तपासा: फुल म्हणजे पाठवणं-घेणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. जुन्या मशीनवर कोणीतरी फुल ड्युप्लेक्स पक्कं करून ठेवलेलं असतं आणि स्विच ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून ठरवण्यावर असतो. समोरून वाटाघाटीचा सिग्नलच येत नाही, त्यामुळे स्विचला वेग ओळखता येतो, ड्युप्लेक्स नाही. नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. मग एक बाजू वाट न बघता पाठवत राहते आणि दुसरी त्यालाच टक्कर समजते. स्विचच्या काउंटरमध्ये लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढताना दिसले की निदान झालं. दोन्ही बाजू ऑटो ठेवा किंवा दोन्ही सारख्याच पक्क्या करा. त्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच हवा, तेवढा खर्च मालकाला पटवून द्याच.

काही नव्या मल्टिगिग (एक गिगाबिटहून जास्त वेगाच्या) स्विचना १० एमबीपीएस येतच नाही. खरेदीआधी डेटाशीट वाचा. मशीनचा पोर्ट तेवढ्याच वेगाचा असेल, तर मध्ये १०/१०० चा स्विच टाकून भागतं.

सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. बरेच साधे स्विच ४० अंशांपर्यंतचेच असतात आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली पेटी त्याहून तापते. शिवाय टॉवेलची तूस पंख्यात आणि पोर्टमध्ये बसते. बिनपंख्याचा इंडस्ट्रियल स्विच बंद पेटीत लावा.

या जुन्या कंट्रोलरांना धड पासवर्डही नसतो, तेव्हा त्यांचं व्हीलॅन (त्याच स्विचवर केलेला स्वतंत्र नेटवर्कचा कप्पा) वेगळं ठेवा. इंटरनेटवर थेट उघडे ठेवायचेच नाहीत. काम झालं की आयपी, बॉड रेट, ड्युप्लेक्स एका लेबलवर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या बिघाडाला दुसराच कोणी येईल, त्याला तेच आधी लागेल.