शेतावरचे लग्नस्थळ उभारताना: तयारीची यादी

देशावरच्या शेतात लग्नस्थळ उभारायचे ठरले की पहिला खर्च बहुधा कमानीवर, हिरवळीवर आणि रोषणाईवर होतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी व्हावा. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा हंगाम वैशाखात ऐन भरात येतो, आणि त्याच दिवसांत वळवाचा पाऊस दुपारनंतर, म्हणजे नेमका गोरज मुहूर्ताच्या सुमारास, वादळवाऱ्यासह येतो. पाचशे माणसे मांडवात आहेत, अंतरपाट धरलेला आहे, वीज गेली आहे आणि पाऊस कोसळतो आहे, अशा अर्ध्या तासात जागा टिकेल का, हे यादीतील प्रत्येक गोष्टीबाबत आधी विचारावे.

कागदपत्रांचे काम प्रथम उरकावे. घरचे एखादे कार्य स्वतःच्या शेतात करणे वेगळे आणि भाडे घेऊन ती जागा वर्षभर लग्नांना देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली येतो, म्हणून एक वीटही रचण्यापूर्वी तलाठी आणि तहसील कार्यालयात सद्यस्थितीतील नियम विचारून घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर मांडवाचे दिवे लावणे हा विद्युत अधिनियम, २००३ नुसार अनधिकृत वापर ठरतो. त्यासाठी महावितरणकडून स्वतंत्र किंवा तात्पुरती जोडणी घ्यावी.

खरी मेहनत जमिनीवर घ्यावी लागते. काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर सरळ फरशी घातली तर दोन पावसाळ्यांत ती उचकटते, आणि नुसती सपाट करून ठेवली तर एका सरीत तिचा चिखल होतो व जरीची साडी नेसलेली बाई पाऊलही टाकू शकत नाही. म्हणून मांडवाच्या आणि वाटांच्या जागेवरची काळी माती मुरुम लागेपर्यंत काढावी, मुरुमाचा भराव अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत पाणी मारून रुळाने दाबावा, आणि पूर्ण जागेला शंभर फुटांत दीड-दोन फुटांचा उतार द्यावा. उताराच्या वरच्या अंगाला चर खणून बांधावरून येणारे पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याकडे वळवावे. काढलेली माती विकू नये. ती शेजारच्या वावरात किंवा झाडांच्या आळ्यांत घालावी. आंबा, चिंच, वड यांपैकी जे झाड जागेवर आधीपासून उभे आहे, त्याला धक्का न लावता आराखडा आखावा, कारण मे महिन्यातील दुपारी तशी सावली कोणतेही कापड देऊ शकत नाही.

मांडवासाठी प्रत्येक बसणाऱ्या माणसामागे दहा चौरस फूट धरावेत आणि बोहले, वाटा व वाजंत्री यांची जागा त्यावर मोजावी. खांब नुसते उभे न करता दोरांनी ताणून जमिनीत काँक्रीटमध्ये कायमच्या पुरलेल्या कड्यांना बांधावेत. पत्र्याचे छत असेल तर वारा ते खालून उचलतो हे लक्षात ठेवून हुक व नटबोल्ट तपासावेत. विजेच्या तारांखाली मांडव, स्वयंपाकाची जागा वा गाड्यांचा तळ यांपैकी काहीही नसावे. गोरज मुहूर्ताला पाहुण्यांच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येणार नाही अशा बेताने बैठक ठेवावी. लाजाहोमाच्या कुंडावर झालर किंवा फुलांचा पडदा लोंबकळू देऊ नये, आणि जवळ वाळूच्या व पाण्याच्या बादल्या झाकून नव्हे तर उघड्यावर ठेवाव्यात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे लग्नकार्यांसाठीच्याच एका जागेत शाळेचा समारंभ चालू असताना कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेच जास्त होती. बाहेर पडण्याचा मार्ग अपुरा होता. मांडवाला समोरासमोर रुंद वाटा असणे आणि त्या वाटांत खुर्च्या न मांडणे, यात कोणाचीही भीड धरू नये. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक आय. एस. ८७५८ आहे, मांडववाल्याशी बोलणी करताना त्यातील अटी करारात लिहून घ्याव्यात.

पाण्याचा हिशेब पिणे, हात धुणे, स्वच्छतागृह, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी वीस-पंचवीस लिटर धरला तर पाचशे पाहुण्यांना दहा ते बारा हजार लिटर, म्हणजे मोठा टँकरभर पाणी लागते. शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि तिची पाळी कधी दिवसा तर कधी रात्री असते, त्यामुळे विहिरीवर भिस्त न ठेवता उंचावरची टाकी आदल्या दिवशीच भरून घ्यावी. पिण्याच्या पाण्याची तपासणी हंगामापूर्वी प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि त्याचे नळ हात धुण्याच्या नळांपासून वेगळे ठेवावेत.

विहीर आणि शेततळे यांविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण लग्नात मुले मोकळी सुटतात आणि मोठ्यांचे लक्ष बोहल्याकडे असते. विहिरीला मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर येईल असा पक्का कठडा आणि तोंडावर लोखंडी जाळी हवी. शेततळे त्याहून धोक्याचे, कारण त्यातील प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की गुळगुळीत होतो आणि पोहता येणाऱ्या धडधाकट माणसालाही काठावर चढता येत नाही. त्याभोवती कुलूपबंद दार असलेले तारेचे कुंपण घालावे, आत चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर व ट्यूब सोडून ठेवाव्यात, आणि कार्याच्या दिवशी तेथे एक जबाबदार माणूस दुसरे कोणतेही काम न देता बसवावा. फोटोसाठी पाण्याचा काठ उघडा ठेवण्याची मागणी आली तर ती स्पष्ट शब्दांत नाकारावी.

स्वच्छतागृहांत बायकांसाठीची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असावी, दाराला आतून चांगली कडी, कपडे अडकवायला खुंटी, दिवा आणि वाहते पाणी असावे, आणि निदान दोन ठिकाणी कमोड, हाताला धरायची दांडी व पायरीऐवजी उतार असावा. सेप्टिक टँक व शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, साठ फुटांपेक्षा दूर घ्यावा. खडक भेगाळलेला असेल तर हे अंतर आणखी वाढवावे. वधू-वरांकडच्या मंडळींना स्वतंत्र खोल्या लागतात, आणि रुखवत, आहेर व दागिने ठेवायला एक कुलूपबंद खोली वेगळी लागते.

स्वयंपाकघर मांडवापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवे. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून ते पूर्वेकडे असणे सोयीचे. आचारी आणि वाढपी पहाटेपासून उभे असतात. त्यांच्यासाठी छप्पर, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि घटकाभर आडवे होण्याची जागा आराखड्यातच असावी, ती मागाहून शोधायची वेळ येऊ देऊ नये. गॅसची सिलिंडरे भट्टीपासून अंतरावर, उभी व मोकळ्या हवेत ठेवावीत. राज्यात २०१८ पासून थर्माकोल व एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. स्टीलची ताटे किंवा पळसाच्या पत्रावळी वापराव्यात.

जनित्र मांडवापासून दूर, आवाज अडवणाऱ्या भिंतीमागे बसवावे, त्याचे अर्थिंग दर हंगामात तपासावे, आणि मांडवातील विजेच्या प्रत्येक बोर्डावर विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारे यंत्र असावे, कारण ओल्या जमिनीवर उघडा जोड जिवावर बेततो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे, हे भाडेपत्रातच नमूद करावे.

रस्ता अग्निशमन गाडी आणि १०८ ची रुग्णवाहिका मांडवापर्यंत येऊन वळेल इतका रुंद असावा आणि वरातीच्या वेळीही मोकळा राहावा. शंभर मोटारींना साधारण पंचवीस गुंठे लागतात. मोठ्या झाडांवर किंवा विहिरीच्या आत आग्या मोहोळ आहे का, हे आठवडाभर आधी पाहून जाणकाराकडून त्याची व्यवस्था करावी. ते जाळू नये, आणि फटाके व धूर तर मुळीच करू नयेत. शेजारी उभा ऊस असेल तर त्या कडेने पट्टा साफ करून दिवे लावावेत, आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते आधी विचारून फळ्यावर लिहावे.

कार्य उरकल्यावरची तयारीही आधीच करावी लागते. उरलेला भात, पुऱ्या आणि गोड पदार्थ बांधावर टाकू नयेत, कारण गाई-म्हशींनी ते भरपेट खाल्ले तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावते. चांगले अन्न त्याच रात्री वाटावे आणि उष्टे खड्ड्यात पुरून वर माती ओढावी. मांडव उतरल्यावर खिळे, तारांचे तुकडे आणि टाचण्या लोहचुंबक फिरवून वेचून काढाव्यात, कारण वैरणीबरोबर गिळलेली तार जनावराच्या पोटातून थेट हृदयापर्यंत रुतते. ही वेचणी झाल्यावरच गुरांना त्या वावरात सोडावे.