यादीतील व्याख्याने आणि माझी चिन्हांची चूक

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्समध्ये मागे पडल्यावर मी सगळी भिस्त राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावर ठेवली. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या या ग्रंथालयात विषयाचे नाव टाकले की एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमासह अनेक ठिकाणची व्याख्याने समोर येतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मात्र शोधात आलेली यादी हा अभ्यासक्रम नसतो, हे मला परीक्षेनंतर कळले.

मी शीर्षक पाहून व्याख्याने निवडत गेले. पहिला नियम यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांकडून ऐकला आणि त्यावरची उदाहरणे रसायनशास्त्राच्या मालिकेतून घेतली. अभियांत्रिकीत आंतरिक ऊर्जेतील बदल म्हणजे उष्णता वजा कार्य, कारण तेथे वायूने केलेले कार्य धन मानतात; रसायनशास्त्रात तोच बदल उष्णता अधिक कार्य असा लिहितात, कारण तेथे वायूवर झालेले कार्य धन असते. वायूने ५०० ज्यूल उष्णता घेतली आणि प्रसरण पावताना २०० ज्यूल कार्य केले, तर दोन्ही पद्धतींनी उत्तर ३०० ज्यूलच येते. मी मात्र सूत्र एका पद्धतीचे आणि चिन्ह दुसऱ्या पद्धतीचे घेऊन ७०० ज्यूल लिहिले, आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक गणितात केली. दोन्ही प्राध्यापक बरोबर होते, त्यामुळे चूक कोठे आहे हे पुन्हा पुन्हा ऐकूनही सापडेना.

म्हणून स्पष्ट सांगते: एकच मालिका घ्या, ती पहिल्या व्याख्यानापासून क्रमाने ऐका, आणि चिन्हे व एकके वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुप्पट वेगाने ऐकण्याचा सल्ला देणाऱ्यांचे मुळीच ऐकू नका; फळ्यावरची सिद्धता वहीत उतरवण्याइतका वेळ मिळत नसेल, तर ते व्याख्यान आपण फक्त पाहिलेले असते. दुव्यांची लांबलचक यादी पाठवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तुमचे एक गणित तपासून देणारा शिक्षक मला कितीतरी मोलाचा वाटतो.

चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला बोलण्याचा वेग झेपत नाही, पण त्याने खचू नका. एनपीटेलच्या बऱ्याच व्याख्यानांचा लिखित मजकूर मिळतो. तो आधी वाचला की ऐकणे पुष्कळ सोपे होते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची असल्यामुळे मी हा मजकूर आधीच डाउनलोड करून ठेवत असे आणि शनिवारी पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात छापील पुस्तक शेजारी ठेवून तो वाचत असे. त्या पुस्तकातील पहिल्या नियमाचे सूत्र माझ्या वहीतल्या सूत्राशी जुळेना, तेव्हा ते पान घेऊन मी आमच्या बाईंकडे गेले, आणि त्यांनी पाच मिनिटांत ऋण चिन्हावर बोट ठेवले.