०७१२ चे ४५८ का होतात? आकडे आणि अक्षरं बदलताना या चुका टाळा

नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. सी किंवा जावाच्या प्रोग्रॅममध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय तसाच लिहा. कुठलीही एरर न येता त्याचे ४५८ होतात. या भाषांमध्ये सुरुवातीचं शून्य ही ऑक्टलची, म्हणजे ८ च्या पायावर आकडे लिहायच्या पद्धतीची खूण आहे. सात गुणिले ६४, एक गुणिले ८ आणि वर दोन: ४४८ + ८ + २. पायथन ३ मध्ये मात्र सरळ एरर येते, आणि ते मला जास्त पटतं, कारण चूक निदान दिसते. एक्सेल शून्य गाळून ७१२ ठेवतं. ज्या आकड्याची कधीच बेरीज-वजाबाकी होणार नाही, तो मजकूर म्हणून साठवा: फोन, रोल नंबर, खाते क्रमांक. एक्सेलमध्ये कॉलमचा फॉरमॅट टाइप करण्याआधी टेक्स्ट करा. नंतर केल्यास गेलेलं शून्य परत येत नाही.

बीसीए, बीसीसीए या संगणकाच्या पदव्यांच्या पहिल्या वर्षात मार्क जातात ते हाताने केलेल्या रूपांतरात. नागपूरचा पिनकोड घ्या, ४४०००१, आणि तो हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहा. १६ ने भागत गेलं की बाकी येते १, १२, ६, ११, ६. ती खालून वर वाचायची आणि १२ च्या जागी सी, ११ च्या जागी बी लिहायचा. उत्तर ६बी६सी१. वरून खाली वाचलं तर १सी६बी६ होतं, म्हणजे दशमानात ११६४०६. बी-सी न लिहिता ११, १२ तसेच ठेवले तर ६११६१२१ असा भलताच आकडा तयार होतो. याचं बायनरी (फक्त ० आणि १) करताना एकेका हेक्स अंकाचे चार बिट होतात, म्हणून मधल्या ६ चे ११० नव्हे, ०११० लिहा. चार बिटांचा गट फक्त सगळ्यात डावीकडे तोकडा चालतो, म्हणून गट नेहमी उजवीकडून पाडा.

याच उत्तरात आणखी एक धोका दिसतो. हेक्समध्ये पाच अंक आले, म्हणजे पिनकोड १६ बिटांत मावत नाही. कोंबला तर पुढचा ६ गळून बी६सी१ उरतं, म्हणजे ४६७८५.

अंकाचं चिन्ह आणि त्याची किंमत यांतही गल्लत होते. इंग्रजी ७ या चिन्हाचा आस्की कोड, म्हणजे संगणकातला त्याचा क्रमांक, ५५ आहे, म्हणून ४८ वजा केले की ७ मिळतात. मराठी ७ चा क्रमांक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, २४१३. त्यातून ४८ वजा केले तर हाती येतात २३६५. वजा करायचे असतात २४०६, म्हणजे मराठी शून्याचा क्रमांक. फॉर्म मराठीत भरला जाणार असेल, तर दोन्ही अंक तपासून पाहा.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: मराठी फाइल उघडली आणि अक्षरांची वाट लागली. आधी नेमकं काय दिसतंय ते बघा, कारण उपाय त्यावरच ठरतो. चौकोन दिसत असतील तर डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (युनिकोड बाइटांत साठवायच्या पद्धतीत) आहे, पण ती दुसऱ्या एन्कोडिंगने वाचली जातेय. ‘न’ चे तीन बाइट ई०, ए४, ए८ तिथे तीन वेगळी चिन्हं म्हणून दिसतात. अशा वेळी ती फाइल सेव्ह करू नका. बंद करा आणि एक्सेलच्या डेटा टॅबमधून ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडून आत आणा. आणि नुसती प्रश्नचिन्हं असतील तर कुणीतरी ती आधीच मराठी न पेलणाऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली असते. अक्षरं पुसली गेलीत, मूळ प्रत शोधा.

यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर गोष्ट वेगळी. ते कृतिदेव या जुन्या फॉन्टमधलं ‘नागपूर’ आहे. तिथे कोड इंग्रजी अक्षरांचेच असतात, आकार तेवढे देवनागरी. एन्कोडिंग बदलून काही होत नाही, कन्व्हर्टरच लागतो. त्यानंतर ऱ्हस्व वेलांट्या नक्की तपासा: कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते.

लांबी मोजतानाही सांभाळा. ‘नागपूर’ आपल्याला चार अक्षरी दिसतं, युनिकोडमध्ये ते सहा क्रमांकांचं आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटांचं आहे. मर्यादा बाइटांत असेल तर नाव मधूनच तुटतं. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीत १६० अक्षरं, पण एक मराठी अक्षर आलं की मर्यादा ७० वर.

शेवटची चूक खास आपल्या मराठीची. ‘शेतकऱ्यांची’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर स्वतंत्र की असलेला ऱ आणि हलंत (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला शब्द वेगळे. म्हणून यादीत शब्द समोर असूनही शोध रिकामा येतो. एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन हे दोन प्रकार एक करत नाही. एक प्रकार ठरवा, मी ऱ चा घेते, आणि डेटा आत घेतानाच दुसरा बदलून टाका. शोधाच्या चौकटीत टाइप झालेल्या मजकुरालाही तोच बदल लावा.